तीन शिट्ट्यांचा प्रबंध

आमच्या सरांना कोणाचेही संशोधन बाहेरच्या खोलीत बसून समजत नसे. त्यासाठी स्वयंपाकघरात जावे लागे. कुवेतमधल्या फरवानिया भागातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहा वाजता आपण पोहोचलो की ते दार उघडत, आपण काढलेल्या चपला भिंतीला समांतर लागल्या आहेत याची खात्री करून घेत आणि थेट ओट्यापाशी नेत. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि टायवर पाणी उडू नये म्हणून खांद्यावर टाकलेला पंचा. कुकरमध्ये डाळ-तांदूळ आधीच लावलेले असत. सर गॅस पेटवत आणि हाताची घडी घालून म्हणत, "हं. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद, तोंड बंद. सांगा, तुमचं काम काय आहे?"

तिथे जमणारी आम्ही सारी नोकरी आणि संसार सांभाळून बाहेरून पीएच.डी. करणारी माणसे होतो. नेमाने येणारे तिघे. लातूरकडच्या एक सिस्टर, ज्या तिथल्या रुग्णालयात परिचारिका होत्या, नाशिकचे एक इंजिनिअर, जे पेट्रोकेमिकल कारखान्यात होते, आणि मी. माझे यजमान तेलाच्या क्षेत्रात नोकरीला असल्यामुळे आम्ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुवेतला आलो. मी एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे आणि दर उन्हाळी सुट्टीत पुण्याला जाऊन प्रबंधासाठीचे प्रयोग करत असे. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांतल्या तांबे-निकेलच्या नळ्या कशा गंजतात, हा माझा विषय. सर स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट झालेले. रंग तयार करणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ते काम करत. त्यांच्या पत्नी सांगलीला हायस्कुलात शिक्षिका होत्या. सर एकटे राहत. एकटे का, हे आम्ही कधी विचारले नाही.

पहिल्या शुक्रवारी माझी पाळी आली तेव्हा मी शाळेत शिकवावे तशी पद्धतशीर सुरुवात केली. प्रथम मार्गदर्शकांचे ऋण मान्य केले. मग महाविद्यालयाचे. मग यजमानांचे. पहिली शिट्टी कृतज्ञतेत गेली. दुसरी शिट्टी मानवाला तांबे कधी सापडले, या इतिहासात गेली. तिसरी झाली तेव्हा मी पूर्वीच्या संशोधकांनी काय लिहिले आहे ते सांगत होते.

सरांनी गॅस बंद केला. "बाई, भात झाला. नळी अजून आलीच नाही."

सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या. सर त्यांच्याकडे वळले. "हसू नका. पुढच्या शुक्रवारी तुम्ही."

"सर, माझ्या विषयाचं नावच दोन शिट्ट्याचं हाय. मग सांगू कधी?"

"मग नाव कापा, सिस्टर. पेशंटला सलाईन लावताना सगळी प्रस्तावना वाचता का?"

त्यांची मांडणी साधी होती, आणि मी ती आजही वर्गात सांगते. पहिल्या शिट्टीपर्यंत काय सापडले ते सांगायचे. दुसरीपर्यंत ते खरे कशावरून, आणि तिसरीपर्यंत त्यामुळे कोणाचे काय बदलेल. आभार जेवताना मानायचे. यातले शेवटचे सर्वांत अवघड. त्या एका प्रश्नापाशी सिस्टर दोन महिने अडल्या होत्या आणि मी सहा.

त्या घरात "झालं की बघू" हे शब्द उच्चारायला बंदी होती. एकदा इंजिनिअरसाहेबांनी सहज म्हटले, "आधी पीएच.डी. तर होऊ दे सर, मग पुढचं बघू." सरांनी त्यांच्या ताटातली पोळी परत डब्यात ठेवली. खरोखर ठेवली. "मीही असंच म्हणालो होतो," एवढेच बोलले आणि पुढचा अर्धा तास इंजिनिअरांशी एक अक्षरही बोलले नाहीत. इंजिनिअर वरण-भातावर उठले. पुढच्या शुक्रवारी येताना त्यांनी पुढच्या दोन वर्षांचा तक्ता करून आणला. सरांनी तो पाहिला आणि पोळी वाढली.

मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, "पदवी मिळाल्यावर काय करणार?" मी म्हणाले, शाळा आहेच. ते खरे नव्हते. आठवीच्या मुलांना अणुरचना शिकवण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही; पण मला प्रयोगशाळेत काम करायचे होते, रोज, आणि त्यासाठी कोणीतरी मला नेमावे असे वाटत होते. चाळिशीला टेकलेल्या बाईने हे मोठ्याने बोलावे की नाही, याचा निर्णय मला करता येत नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "शाळा आहेच, हे मी ऐकलं. आता उरलेलं सांगा."

मी सांगितले. बाहेरच्या माणसासमोर मी ते प्रथमच उच्चारत होते.

"मग अर्ज आणा."

मी अर्ज आणला. आमच्याकडे बायोडेटा म्हणून जे लिहायची रीत आहे, तेच मी मनापासून लिहिले होते. सर्वांत वर श्री. मग पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, उंची, वैवाहिक स्थिती, पतीचा हुद्दा, अपत्ये दोन. नंतर चौथीच्या शिष्यवृत्तीपासूनची सगळी पारितोषिके, त्यांत वक्तृत्वाची तीन. प्रबंधाचा उल्लेख सातव्या पानावर होता.

सरांनी सातही पाने वाचली. चष्मा काढला. "स्थळ उत्तम आहे. पत्रिका जुळते का ते बघू."

मला राग आला आणि हसूही. मग त्यांनी पेन्सिल घेतली व दीड तास माझ्यासोबत बसून सात पानांची दोन पाने केली. वडिलांचे नाव गेले, उंची गेली, चौथीची शिष्यवृत्ती गेली. ती खोडताना मी कुरकुर केली, तर म्हणाले, "ती तुमच्या आईकडे सुरक्षित आहे." पहिल्या ओळीत एकच वाक्य आले: समुद्राचे पाणी वाहणाऱ्या नळ्या कधी निकामी होतील हे आधी सांगू शकते. मी म्हणाले, "सर, हे फार धीट वाटतं." ते म्हणाले, "खोटं आहे का?" मी विचार केला आणि नाही म्हणाले.

त्यांचे काही आग्रह मात्र विचित्र होते. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती ते जेवणानंतर मोठ्याने वाचत आणि जी आमच्या कोणाच्याच उपयोगाची नाही नेमकी ती निवडून प्रत्येकाने तिच्यासाठी अर्ज सांगायचा असा नियम होता. एकदा कुठल्याशा विमानतळाला धावपट्टीवरचे पक्षी हाकलण्यासाठी तज्ज्ञ हवा होता.

"आता मी पक्षी हाकलू का सर?" सिस्टर म्हणाल्या.

"का नाही? रात्रपाळीला तीस पेशंट सांभाळता. कोण कधी उठून पळेल ते तुम्हाला आधी कळतं. लिहा."

सिस्टरनी लिहिले, आणि लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आले की धोका आधी ओळखणे हे कौशल्य आपण आजवर कोणत्याही कागदावर नोंदवलेलेच नाही. पुढे त्यांच्या प्रबंधाचे शीर्षकही त्याच शब्दांनी आखूड झाले.

दुसरा आग्रह पाच नावांचा. आपले काम ज्यांच्या उपयोगी पडेल अशी पाच जिवंत माणसे वहीत लिहायची आणि दर महिन्याला त्यांतल्या एकाला प्रत्यक्ष भेटायचे. मार्गदर्शक, जोडीदार आणि आई चालत नसत. माझ्या यादीत चारच नावे होती, चारही प्राध्यापक. पाचवे नाव सरांनी स्वतः घातले आणि एका गुरुवारी मला अम्गऱ्याला घेऊन गेले.

अम्गरा म्हणजे भंगाराच्या वखारी आणि वेल्डिंगची दुकाने. सरांची कंपनी तिथून जवळ होती. एका वखारीत पेशावरकडचे एक वयस्क गृहस्थ नळ्यांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसले होते. सर हिंदीत म्हणाले, "चाचा, ही आमची बाई. नळ्यांवर पीएच.डी. करते. तिला ऐका." मी हिंदीत, न अडखळता, तीन शिट्ट्यांच्या आत सांगितले. मनात शाबासकीची वाट पाहत उभी राहिले.

चाचांनी ढिगातली एक नळी उचलली, आत बोट घालून फिरवले आणि विचारले, "बेटी, ये चलते पानी में गलती है, या खड़े पानी में?"

मी म्हणाले, प्रकल्पात पाणी वाहते, म्हणून माझे सगळे प्रयोग वाहत्या पाण्यात आहेत.

"मेरे पास तो वो आती है जो मरम्मत में महीना-महीना बंद पड़ी थी. पानी अंदर ही छोड़ देते हैं. ये देखो." नळीच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढी भोके होती. पाच वर्षांत मी साचलेल्या पाण्याचा एकही प्रयोग केला नव्हता.

परतताना गाडीत मी चिडले. "सर, नोंदणीची मुदत संपायला एक उन्हाळा उरलाय. आता नवीन प्रकरण लिहू?"

"मी कुठे म्हटलं?" सर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "प्रश्न त्यांचा आहे. उत्तर त्यांना द्या."

त्या उन्हाळ्यात मी पुण्यात एकवीस नळ्या खाऱ्या पाण्याने भरून बंद करून ठेवल्या आणि बासष्ट दिवस रोज सकाळी त्यांच्यापाशी गेले. मार्गदर्शकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या; निष्कर्ष पाहिल्यावर ते प्रकरण प्रबंधाच्या मध्यभागी हलवायला सांगितले. मुदत संपायच्या नऊ दिवस आधी प्रबंध सादर झाला. वर्षभराने तोंडी परीक्षा झाली आणि पदवी मिळाली.

माझ्या आयुष्यातली ती मुलाखत त्यानंतर चार महिन्यांनी आली. दस्मानमध्ये, समुद्राजवळ, गोड्या पाण्याच्या प्रकल्पांसाठी चाचण्या करणाऱ्या एका खासगी संशोधन केंद्राचे कार्यालय होते. तिथे एकच जागा होती. असे केंद्र तिथे दुसरे नव्हते, आणि माझ्या वयाला दुसरी जाहिरात येईल असे मला वाटत नव्हते. मुलाखत घेणारे संचालक कुवेती होते, शांत स्वभावाचे. त्यांनी बंद प्रकल्पातल्या साचलेल्या पाण्याविषयीच विचारले, आणि आम्ही पाऊण तास बोललो. चार दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला.

केंद्राचे सरकारी कागद करणारा मंदूब इजिप्तचा होता, हसतमुख, मोडकी हिंदी बोलणारा. त्याने अरबीतला फॉर्म दिला. "मैडम, साइन करके शनिवार को लाओ. इकामा एक महीना." इकामा म्हणजे तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. मी पेढ्यांसारखी दिसणारी मिठाई घेतली आणि गुरुवारी दुपारी एकटीच सरांकडे गेले.

सरांनी मिठाई बाजूला ठेवली. फॉर्म मागितला. त्यांना अरबी वाचता येत असे, पण अगदी हळू. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"बाई, इथे व्यवसाय लिहिलाय. प्रयोगशाळेतील मदतनीस."

"असेल सर. काम तर संशोधनाचंच आहे. कागदावर काही का असेना."

सर उठले. कपाटातून आपले ओळखपत्र आणले. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "वाचा."

"मला अरबी येत नाही."

"मलाही तेव्हा येत नव्हतं." ते बसले. "सब्बाग. म्हणजे रंगारी. कंपनी रंगाची, मंदूबनं रंगारी लिहिलं. पदवी हातात होती, नोकरी नव्हती, दोन वर्षं घरी बसलो होतो. कागद पुढे आला आणि मी सही केली. नव्वद साली इथे युद्ध झालं तेव्हा सांगलीला परत गेलो. पुन्हा आलो तेव्हा त्यांनी जुन्या कागदावरून नवा उतरवला. पुन्हा बोलावलं हाच उपकार, म्हणून तेव्हाही मी गप्प बसलो."

"पण काम तर तुम्ही..."

"काम केमिस्टचं. रंगाऱ्याला कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही, बाई. ही सांगलीला राहिली ती त्यामुळे. मी तपासलेल्या अहवालावर दुसऱ्याची सही जाते, तीही त्यामुळे. बदलायला गेलो, तर म्हणाले आधी हा रद्द करून परत जा, मग बघू."

कुकर ओट्यावर रिकामाच होता.

"मी सही नाही केली आणि त्यांनी दुसऱ्याला घेतलं तर?" मी शेवटी विचारले.

"घेतील. शक्य आहे. खोटा धीर मी देणार नाही." त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण बोलायचं असेल तर तुमची अडचण सांगू नका. त्यांची सांगा. मंत्रालयाला जाणाऱ्या अहवालावर मदतनिसाची सही चालते का, ते विचारा. आता मला संचालक समजा. सुरू करा."

आम्ही ते सहा वेळा म्हटले. दोनदा माझा आवाज चिरकला. एकदा मी माफी मागून सुरुवात केली, तेव्हा त्यांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

शनिवारी मी संचालकांसमोर सही न केलेला फॉर्म ठेवला आणि सांगितले की अहवालावर माझी सही चालणार नसेल तर केंद्राचा फायदा नाही, म्हणून व्यवसाय संशोधक असा लिहावा. त्यांनी मंदूबला बोलावले. मंदूब म्हणाला, "मैडम, मा फी मुश्किल, कोई प्रॉब्लम नहीं! काम डॉक्टर का, कागज पर कुछ भी." संचालकांनी विचारले की संशोधक लिहिण्यासाठी लागणारे दूतावासाचे आणि परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के पदवीवर आहेत का. नव्हते. त्यांना वेळ लागणार होता.

"मी थांबते," मी म्हणाले. हे वाक्य आम्ही म्हणून पाहिले नव्हते.

"जागा किती दिवस मोकळी ठेवता येईल, याचं वचन मी देत नाही," ते सौम्यपणे म्हणाले.

घरी यजमान म्हणाले, "अगं, सही करून टाकायची होती. वर्षभरानं बदलून घेतलं असतं." ते रागाने बोलले नव्हते, म्हणून अधिक लागले. पदवीचा कागद पुण्याहून दिल्लीला, दिल्लीहून कुवेतला फिरत राहिला. मी शाळेत जात होते, आवर्तसारणी शिकवत होते आणि दर दुपारी फोनकडे पाहत होते. सात आठवडे झाले. केंद्रात कोणी केरळचा मुलगा मुलाखत देऊन गेल्याचे इंजिनिअरसाहेबांनी ऐकले होते. शुक्रवारी सर त्याविषयी एक शब्द काढत नसत. पहिली पोळी मात्र मला वाढत.

त्या सात आठवड्यांत माझ्या धाकट्या मुलीच्या अरबीच्या पुस्तकावर मी अक्षरे गिरवू लागले. तिला शाळेत तो विषय सक्तीचा होता. मी चुकले की ती इंग्रजीत ओरडे, "मम्मी, नो! वन डॉट मीन्स ब. दिस हॅज थ्री!" चाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीला तिने अजिबात सवलत दिली नाही.

आठव्या आठवड्यात मंदूबचा फोन आला. मी गेले तेव्हा त्याने शिक्के मारलेली पदवी आणि नवा फॉर्म माझ्यासमोर ठेवला व पेनाचे टोपण काढून पेन पुढे केले. "खलास, मैडम. सब ठीक. साइन."

मी म्हणाले, "एक मिनट." मी व्यवसायाची ओळ शोधली. उजवीकडून बोट ठेवले. ब. अलिफ. ह. मग तीन टिंबांचे ते अक्षर. मग शेवटचे, स्त्रीलिंगाचे. मंदूब घड्याळ पाहत होता. मी त्याच्या टेबलावरचा फोन मागितला आणि सरांच्या प्रयोगशाळेचा नंबर फिरवला.

"सर, नवीन फॉर्म आलाय."

"काय लिहिलंय?"

"बाहिथा. संशोधक."

पलीकडे रंग ढवळण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग ते यंत्र बंद झाले.

"मंदूबनं सांगितलं?"

"नाही सर. मी स्वतः वाचलं."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात, बाई?" सर म्हणाले. "करा सही."